प्रयोग क्रमांक शून्य : अपडेट मारणे

(डिजिटल टेक्निक्सच्या प्रयोगवहीला जोडायची पुरवणी. मजकूर पेनने लिहावा, आकृत्या पेन्सिलने काढाव्यात.)

उद्देश

जुन्या आवृत्तीत व्यवस्थित चालणारं सर्किट नव्या आवृत्तीत नेणे, तिथे ते चाललं नाही तर न घाबरणे, आणि का चाललं नाही हे सबमिशनच्या तारखेआधी शोधून काढणे.

डिजिटलमध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणून याचा क्रमांक शून्य. अभ्यासक्रमात हा प्रयोग छापलेला नाही. त्याला मार्क नाहीत आणि सहीही मिळणार नाही. पण लॅबमध्ये सिम्युलेटरची नवी आवृत्ती आली की पुढचे सगळे प्रयोग इथेच अडतात, त्यामुळे तो एकदा वहीत उतरवून ठेवलेला बरा.

शीर्षकातल्या क्रियापदाबद्दल दोन शब्द. आपण अपडेट 'करत' नाही, 'मारतो'. भिंतीला रंगाचा हात मारतात तसा. वरून हात मारला की आतली भिंत तीच राहील, अशी आपली समजूत असते. समजूत खरी आहे. फक्त भिंतीला जिथे पोपडे धरलेले असतात, तिथे नवा रंग सगळ्यात आधी सोलतो. पुढची सगळी निरीक्षणं या पोपड्यांचीच आहेत.

साहित्य

१. संगणक, एक. माउसचं डावं बटण चालत असल्यास उत्तम.

२. लॉजिसिम, आवृत्ती २.७.१. हे कुणीतरी कधीतरी पेन ड्राइव्हवरून आणून ठेवलेलं असतं. कुठे आहे ते कुणालाच सांगता येत नाही, पण सगळ्यांना सापडतं.

३. लॉजिसिम-इव्होल्यूशन, नवी आवृत्ती.

४. जावा, दोन प्रकारचे. एक जुना, जो संगणकात आहे. एक नवा, जो असायला हवा होता.

५. स्वतः काढलेल्या फुल ॲडरची चालू स्थितीतली फाइल. मित्राची असल्यास मित्राला विचारून घ्यावी. मित्राने त्याच्या मित्राची घेतलेली असल्यास कुणालाही विचारू नये.

६. आयसी ७४०८, ७४३२ आणि ७४८६, ब्रेडबोर्ड, वायरी, एलईडी, पाच व्होल्टचा सप्लाय. हे सगळं कपाटात असतं. कपाटाची किल्ली लॅबच्या काकांकडे असते आणि काका चहाला गेलेले असतात.

७. कोरा कागद आणि पेन्सिल, प्रत्येकी एक. यांचा उपयोग नंतर कळेल. तोवर खिशात ठेवावेत.

सिद्धान्त

हा भाग कुणी वाचत नाही, सगळे उतरवतात. तरी थोडक्यात.

जॉर्ज बूल हा इंग्लिश गणितज्ञ आयर्लंडमधल्या कॉर्क गावी प्राध्यापक होता. माणूस विचार कसा करतो याचे नियम त्याने १८५४ साली बीजगणितात मांडले. विजेच्या तारेशी त्याचा काही संबंध नव्हता. तो जोडला एकवीस वर्षांच्या क्लॉड शॅननने. अमेरिकेतल्या एमआयटीत १९३७ साली लिहिलेल्या प्रबंधात त्याने दाखवलं, की हेच बीजगणित रिले आणि स्विचच्या सर्किटांना लागू पडतं. १९५३ साली बेल लॅब्सच्या मॉरिस कार्नॉने चौकटींचा तो नकाशा दिला, ज्याला आपण के-मॅप म्हणतो आणि ज्यात चार कोपऱ्यांचा गट करायला हमखास विसरतो. एवढं मूळ भांडवल. यातलं काहीही तुमच्या संगणकावर अपडेट होत नाही.

आता सॉफ्टवेअर. कार्ल बर्च नावाचे अमेरिकन प्राध्यापक विद्यार्थ्यांना संगणकाची रचना शिकवत होते. महागडी व्यावसायिक साधनं नवशिक्याच्या डोक्यावरून जातात म्हणून त्यांनी स्वतः एक सोपं साधन बनवलं आणि २००२ साली त्यावर शोधनिबंध लिहिला. तेच लॉजिसिम. गेट उचलायचा, ठेवायचा, तार ओढायची, हाताच्या चित्राचं टूल घेऊन इनपुटवर टिचकी मारायची. तारेचा रंग बदलतो आणि शून्याचा एक झालेला डोळ्यांना दिसतो. बाकी काही नाही. फुकट, मुक्त परवान्याचं, आणि जावात लिहिलेलं असल्यामुळे कुठल्याही डबड्यावर चालणारं. आर्कान्सॉ राज्यातल्या हेंड्रिक्स कॉलेजात शिकवत असताना त्यांनी ते वाढवत नेलं. २.७.१ ही आवृत्ती मार्च २०११ची. त्यानंतर काम मंदावलं, आणि २०१४ साली त्यांनी आपण हे थांबवत असल्याचं जाहीर करून टाकलं.

मुक्त परवान्याचा अर्थ इथे कळतो. घर सोडणाऱ्याने किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवलेली होती. स्वित्झर्लंडमधल्या बर्न, जिनिव्हा आणि इव्हर्दोंच्या तांत्रिक शिक्षणसंस्थांतल्या शिक्षकांनी तोच कोड घेऊन पुढे वाढवला. त्याचं नाव लॉजिसिम-इव्होल्यूशन. पण त्यांची गरज वेगळी होती. त्यांना पडद्यावर काढलेलं सर्किट एफपीजीए बोर्डावर, म्हणजे खऱ्याखुऱ्या चिपवर उतरवायचं होतं.

या प्रयोगातली निम्मी भांडणं या एका वाक्यातून निघतात. जुनं लॉजिसिम म्हणजे घराचं चित्र. नवं लॉजिसिम म्हणजे नगरपालिकेत मंजुरीला द्यायचा नकाशा. चित्रात जिना कुठेही काढा, छान दिसतो. नकाशात मात्र टेबलापलीकडचा माणूस विचारतो, जिन्याची रुंदी किती? तो खडूस नसतो. त्याला माहीत असतं, की या जिन्यावरून कुणीतरी खरोखर चढणार आहे.

ज्यांना अपडेट मारायचाच नाही त्यांच्यासाठी सर्किटव्हर्स आहे. बेंगळुरूच्या ट्रिपल आयटीतल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं हे साधन थेट ब्राउझरमध्ये चालतं. तिथे अपडेटचं बटण नसतं. रात्री तुम्ही झोपलेले असताना अपडेट होऊन जातो आणि सकाळी मेनू वेगळ्या जागी असतो, त्यामुळे दोष द्यायला कुणी शिल्लक राहत नाही. गेटच्या आतल्या ट्रान्झिस्टरपर्यंत उतरायचं असेल, तर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ई-सिम आहे. पण ज्याला अजून अर्ध्या बेरजेचं सर्किट जमलेलं नाही त्याने तूर्त पुढच्या पानावर यावं.

कृती

पायरी १. अपडेट का मारायचा ते ठरवा. 'नवं आलंय म्हणून' हे कारण नव्हे. खरं कारण बहुतेक वेळा एकच असतं: मित्राने घरी नव्या आवृत्तीत काम केलं आणि त्याची फाइल लॅबमधल्या जुन्या आवृत्तीत उघडेना. इथे एक नियम पाठ करावा. जुनी फाइल नव्यात उघडते, नवी फाइल जुन्यात उघडेलच याचा भरवसा नाही. आजोबांचं पत्र नातवाला वाचता येतं, पण नातवाने मोबाइलवर टाकलेला निरोप आजोबांना लागत नाही, तसं.

पायरी २. फाइलची प्रत काढा. तिला 'फायनल' नाव देऊ नका, कारण त्या नावाची आधीच तीन आहेत. प्रत काढल्यावर मूळ फाइल एकदा नोटपॅडमध्ये उघडून पाहा. घाबरू नका. आत मशीनची अगम्य भाषा नसून साधा एक्सएमएल मजकूर असतो: कुठला गेट कुठल्या बिंदूवर, कुठली तार कुठून कुठे. सुरुवातीच्या ओळींतच ही फाइल शेवटची कोणत्या आवृत्तीत सेव्ह झाली त्याचा आकडा दिसतो. हा फाइलचा रहिवासी दाखला. पुढे कुणी 'सर, काल चालत होतं' म्हणालं, की मी आधी दाखला मागतो.

पायरी ३. नवी आवृत्ती सुरू करा. ती सुरू होणार नाही.

कारण जावा. जुन्या लॉजिसिमला जावा ५ पुरत होता. इव्होल्यूशनच्या ३.८.० आवृत्तीला निदान जावा १६ लागतो, आणि लॅबच्या संगणकात जावा ८ असतो. पडद्यावर लांबलचक इंग्रजी संदेश येतो. त्याचा मथितार्थ असा, की ही फाइल ६०.०ची आहे आणि मी ५२.०पर्यंतच ओळखतो. वर्ग लगेच चर्चा करू लागतो, की आपला जावा बावन्नवा असून साठावा कुठे मिळेल. कुठेच मिळणार नाही. या आकड्यातून ४४ वजा करायचे असतात: ६०चा जावा १६, ५२चा जावा ८. डिजिटलच्या विद्यार्थ्याला वजाबाकी यावी ही अपेक्षा आहे. टूज कॉम्प्लिमेंटने केली तरी चालेल.

यावर सोपा उपाय म्हणजे नुसती जार फाइल न घेता विंडोजसाठी बांधून दिलेला पूर्ण संच घ्यावा. त्यात लागणारा जावा सोबतच येतो. लग्नाला जाताना पाण्याची बाटली घरून नेणाऱ्यांना हे पटेल.

पायरी ४. आता जुनी फाइल उघडा. ती उघडेल, पण एक यादी दाखवेल: तुमच्या या-या नावांत बदल करावा लागला.

इथे वर्गात पहिला आरडाओरडा होतो. तुम्ही सर्किटला 'फुल ॲडर' असं मध्ये जागा सोडून नाव दिलं होतं, इनपुटला 'इन', आउटपुटला 'आउट', आणि एका हौशी मुलाने 'बेरीज' हे देवनागरीत लिहिलं होतं. जुन्या लॉजिसिमला यात काही वावगं वाटलं नाही. त्याच्या लेखी नाव म्हणजे चित्राखालची ओळ. नव्याला मात्र हे सगळं व्हीएचडीएल या हार्डवेअर वर्णनाच्या भाषेत लिहून चिपवर पाठवायचं असतं. त्या भाषेत नावात मोकळी जागा चालत नाही, नाव रोमन अक्षराने सुरू व्हावं लागतं, आणि 'इन' आणि 'आउट' हे तिचे स्वतःचे राखीव शब्द आहेत. एसटीत महिलांसाठी राखीव सीटवर रुमाल टाकल्यासारखं ते होतं. रुमाल तुमचा असेल, सीट तुमची नाही.

यादी न वाचता 'ओके' दाबू नका. ती वहीत उतरवा. आपण किती गोष्टींना नुसतं 'इन' म्हणून वेळ मारून नेतो, हे कळायला तेवढी एक यादी पुरते.

पायरी ५. हाताचं टूल घ्या आणि इनपुटवर टिचक्या मारा. फुल ॲडरला तीन इनपुट, म्हणजे आठ शक्यता. आठही तपासा. वर्गातले बरेच जण शून्य-शून्य-शून्य आणि शून्य-शून्य-एक तपासून 'चालतंय सर' म्हणतात. ही दोन उत्तरं नुसती तार जोडली तरी बरोबर येतात.

निरीक्षणे

तारांचे रंग दोन्ही आवृत्त्यांत साधारण सारखेच. रंगांवरून निदान करण्याची रीत खालीलप्रमाणे.

गडद हिरवा : शून्य. सगळं ठीक.

उजळ हिरवा : एक. सगळं ठीक. पडद्याचा ब्राइटनेस कमी असेल तर वरच्यात आणि यात फरक दिसत नाही. तेव्हा निष्कर्ष काढण्याआधी ब्राइटनेस वाढवावा.

निळा : तारेला कुणी वाली नाही. तिच्यावर शून्यही नाही आणि एकही नाही.

लाल : दोघांनी एकाच तारेवर हक्क सांगितला आहे. एक म्हणतो शून्य, दुसरा म्हणतो एक. बांधावरचं भांडण. कोर्टात जाण्याआधी कुठल्या दोन गेटांची आउटपुट एकत्र बांधली ते शोधा.

नारिंगी : एका टोकाला चार बिटांची तार, दुसऱ्याला एक बिटाची. चार इंची पाइपाला अर्ध्या इंचाची तोटी थेट बसत नाही. मध्ये स्प्लिटर लागतो.

काळा : एकापेक्षा जास्त बिटांची तार. हा दोष नाही. दर वर्षी कुणीतरी 'सर, वायर जळाली' म्हणून बोलावतं.

पाच पायांचा गेट

हे निरीक्षण वेगळं लिहायचं, कारण याच्यावर मी आजवर सगळ्यात जास्त खडू घासला आहे.

जुन्या लॉजिसिममध्ये अँड गेट ठेवला, की तो मुळातच पाच इनपुटांचा येई. आपल्याला दोन हवे असत. मग दोन तारा जोडायच्या आणि उरलेले तीन पाय तसेच हवेत. पाहुणे आले तर असावेत म्हणून घरात जास्तीचे पाट ठेवतात, तसे. गेट बरोबर चाले, कारण सॉफ्टवेअर मोकळ्या पायांकडे सरळ दुर्लक्ष करत असे. प्रोजेक्टच्या पर्यायांत तशी सोय लिहिलेलीच होती: इनपुट मोकळं असेल तर सोडून द्यायचं, की चूक म्हणायचं. मुळात 'सोडून द्या' निवडलेलं. मुलांच्या वहीतले गेटसुद्धा मग पाच पायांचे होऊ लागले. एकाने तर सुबक पट्टी लावून सगळे पाय सारख्या लांबीचे काढले होते.

आता कपाटाकडे या. काका परत आले आहेत.

७४३२ मध्ये दोन-दोन इनपुटांचे चार ऑर गेट असतात. एका गेटचं एक इनपुट स्विचला जोडा आणि दुसरं मोकळं सोडा. पडद्यावर हेच केलं, तर मोकळा पाय वगळला जातो आणि आउटपुट स्विचप्रमाणे बदलतं. ब्रेडबोर्डवर एलईडी पेटतो आणि पेटलेलाच राहतो. स्विच वर करा, खाली करा, देवाचं नाव घ्या, तो विझत नाही. कारण टीटीएल जातीच्या आयसीत मोकळं सोडलेलं इनपुट 'एक' असल्यासारखं वागतं, आणि ऑर गेटला एक 'एक' मिळाला की त्याला दुसऱ्याशी कर्तव्य नसतं. सीमॉस जातीचा आयसी असता तर प्रकरण आणखी गूढ: मोकळ्या पायावर काय असेल ते सांगता येत नाही. बोट जवळ नेलं तरी एलईडी लुकलुकतो, आणि आपल्या अंगात काही आहे की काय अशी शंका येते.

म्हणजे पडद्यावर जे चालत होतं ते बरोबर होतं म्हणून नव्हे, तर कुणीतरी समजुतीने घेत होतं म्हणून. हल्ली बऱ्याच साधनांत गेट मुळातच दोन पायांचा येतो. मुलं तक्रार करतात, की तिसरं इनपुट हवं असेल तर आता वेगळं मागावं लागतं. बरोबर आहे. मागावंच लागतं. कपाटातसुद्धा तीन इनपुटांचा अँड हवा असेल तर ७४०८ चालत नाही, ७४११ काढावा लागतो.

इव्होल्यूशनमध्ये टीटीएलची वेगळी लायब्ररी आहे. तिथे ७४०८ निवडला की चौदा पायांची चिप वरून दिसते तशी येते, आणि हवं असेल तर तिच्या सप्लाय आणि ग्राउंडच्या पिनाही दाखवता येतात. पडद्यावरच्या चिपला वीज लागते, ही कल्पना पहिल्यांदा ऐकणाऱ्याला अपमानास्पद वाटते.

एक अधिक एक अधिक एक

फुल ॲडरची बेरीज म्हणजे तिन्ही इनपुटांचा एक्सऑर. एका हुशार मुलीने दोन एक्सऑर एकापुढे एक जोडण्याऐवजी तीन इनपुटांचा एकच गेट ठेवला आणि तारा वाचवल्या. सातही ओळी बरोबर. आठवी ओळ: तिन्ही इनपुट एक. बेरीज तीन, म्हणजे कॅरी एक आणि सम एक यायला हवा. तिला कॅरी एक आणि सम शून्य मिळत होता. तिच्या सर्किटाप्रमाणे एक अधिक एक अधिक एक बरोबर दोन.

चूक तिची नव्हती, सॉफ्टवेअरचीही नव्हती. दोन इनपुटांच्या एक्सऑरचा अर्थ सगळ्या जगात एकच. तीन झाले की दोन अर्थ निघतात: 'नेमकं एकच इनपुट चालू असेल तर', किंवा 'विषम संख्येने चालू असतील तर'. चौकोनी चिन्हांच्या पद्धतीत एक्सऑरच्या पोटात 'बरोबर एक' असं लिहितात, म्हणजे पहिला अर्थ. जुन्या लॉजिसिमनेही मुळात तोच धरला होता. बेरजेला मात्र दुसरा लागतो. गेटवर टिचकी मारली की डाव्या बाजूच्या गुणधर्मांच्या तक्त्यात हा पर्याय दिसतो. आपण तो पाहत नाही, कारण आपल्याला गेटचं चित्र ओळखीचं असतं.

हातातली आवृत्ती कुठलीही असो, तीन इनपुटांचा एक्सऑर वापरण्याआधी तीन एक देऊन पाहावेत. दहा सेकंद लागतात.

तळ्यात-मळ्यात

नँड गेट घ्या. त्याचं आउटपुट त्याच्याच एका इनपुटला जोडा. दुसऱ्या इनपुटला शून्य द्या: आउटपुट एक, सगळं शांत. आता शून्याचा एक करा. दोन्ही इनपुट एक, म्हणून आउटपुट शून्य. ते शून्य इनपुटला आलं, म्हणून आउटपुट एक. तो एक इनपुटला आला, म्हणून शून्य. तळ्यात, मळ्यात, तळ्यात, मळ्यात.

लॉजिसिम हजारेक फेऱ्या बघतं आणि मग खेळ थांबवून सांगतं, की हे हेलकावे खातंय. हा संदेश अपडेटमुळे येत नाही. तो पूर्वीही येत होता, पूर्वीही तुम्ही न वाचता बंद करत होता. खऱ्या ७४०० आयसीवर हेच केलं, तर तो प्रचंड वेगाने थरथरतो, नाहीतर शून्य आणि एकच्या मध्येच कुठल्यातरी व्होल्टेजवर अडून बसतो. बूलच्या बीजगणितात या जागेला नाव नाही. लॅबमध्ये आहे: 'सर, माझा एलईडी अर्धाच पेटतोय.'

दक्षता

१. सबमिशनच्या आदल्या रात्री अपडेट मारू नये. मारलाच तर रूममेटला जागं करू नये.

२. लॅबमधल्या सगळ्या संगणकांवर एकच आवृत्ती असावी. अर्ध्यांवर जुनी आणि अर्ध्यांवर नवी असली, की मागच्या बाकावर सीमाप्रश्न सुरू होतो.

३. फ्लिप-फ्लॉप ठेवताना पिनांची नावं वाचावीत, जागा पाठ करू नये. नव्या आवृत्तीत फ्लिप-फ्लॉपचे दोन चेहरे आहेत, एक जुना 'क्लासिक' आणि एक नवा. पाठांतर करणाऱ्याची क्लॉकची तार भलतीकडे जाते.

४. पाठांतराचा तोटा ब्रेडबोर्डवर जास्त महाग पडतो. पिन १४ ला पाच व्होल्ट आणि पिन ७ ला ग्राउंड, हे ७४०८, ७४३२, ७४८६ सगळ्यांना लागू आहे, म्हणून मुलं तो मंत्र समजतात. मग काउंटरच्या प्रयोगात ७४९० येतो. त्याचाही देह चौदा पायांचाच, पण सप्लाय पिन ५ वर आणि ग्राउंड पिन १० वर. हा बदल कुठल्याही अपडेटने केलेला नाही. तो पहिल्यापासून तसाच आहे. डेटाशीटमध्ये लिहिलं आहे, काकांनी सांगितलंही आहे.

निष्कर्ष

आता खिशातला कागद काढा.

त्यावर आठ ओळींचा तक्ता मांडा. डावीकडे तीन इनपुट, उजवीकडे सम आणि कॅरी. तो सॉफ्टवेअर बंद ठेवून, हाताने, नुसत्या बेरजेवरून भरा. मग एकेक ओळ पडद्याशी ताडून पाहा.

हा कागद प्रयोगाच्या सुरुवातीलाच भरला असता तर 'काल चालत होतं' हे वाक्य कुणाला उच्चारावं लागलं नसतं. चालत होतं म्हणजे काय होत होतं? हिरवं दिसत होतं. आपण सर्किटकडून काय मागितलं होतं याची नोंद आपल्याकडे नव्हती, त्यामुळे त्याने जे दिलं तेच आपण मागितलेलं समजत होतो. नाव कसलंही चालेल, मोकळा पाय चालेल, तीन इनपुटांचा अर्थ सॉफ्टवेअर बघून घेईल: हे तिन्ही पोपडे जुन्या रंगाखाली होतेच. अपडेट त्यांच्यावरून नुसता हात फिरवून गेला.

तोंडी परीक्षेसाठी संभाव्य प्रश्न

प्रश्न : जुन्या लॉजिसिमचं क्लॉक जास्तीत जास्त किती वेगाने टिक-टिक करतं?
उत्तर : सुमारे ४.१ किलोहर्ट्झ. आपण थिअरीत शिकतो तो ८०८५ प्रोसेसर सुमारे तीन मेगाहर्ट्झचा. तेव्हा सिम्युलेटर सावकाश चालतं अशी तक्रार करू नये. ते दाखवण्यासाठी आहे, पळवण्यासाठी नाही.

प्रश्न : अपडेटनंतर अँड गेटमध्ये काय बदल झाला?
उत्तर : चित्र थोडं बदललं. (विद्यार्थी इथे थांबतो. परीक्षक वाट बघतात. विद्यार्थी 'सॉरी सर' म्हणतो. यात सॉरी म्हणण्यासारखं काही नव्हतं, उत्तर पूर्ण होतं.)

प्रश्न : मूळ लेखकाने काम थांबवल्यावरही सॉफ्टवेअर कसं चालू राहिलं?
उत्तर : परवाना मुक्त होता, म्हणून. फाइल साध्या मजकुरात होती, हेही एक.

प्रश्न : मागच्या बॅचची वही उतरवली तर चालेल का?
उत्तर : मेनू, पिनांच्या जागा, पडद्याची चित्रं यांपैकी काही चालणार नाही, त्यांची आवृत्ती वेगळी होती. आठ ओळींचा तक्ता खुशाल उतरवावा. मात्र उतरवण्याआधी आठवी ओळ तपासून घ्यावी. त्या वर्षी ती मुलगी नव्हती.